अण्णांचा अंबरखाना

पन्हाळ्यावर लाईट गेली की बाकीची घरं मेणबत्ती शोधतात, आमचे शेजारी अण्णा घड्याळ बघतात. कॅलेंडरवर वेळ टिपतात आणि मुलीच्या लग्नातल्या बापासारखे कामाला लागतात.

आखाडात गडावर लाईट जायला निमित्त लागत नाही. ढग दारातून आत येतात, वाऱ्यानं एखादी फांदी तारेवर पडते आणि धुक्यात वायरमनला फॉल्ट सापडेपर्यंत रात्र सरते. त्यात २०२१ च्या जुलैत चार दरवाज्याजवळ गडावर येणारा रस्ताच खचला, आणि अण्णांना तोंड फुटलं. "रस्ता जातोय, तिथं तारेचं काय घेऊन बसलाय?"

बाहेरच्या खोलीत काचेची तीन फुटी टाकी. तीत चार एंजल, मोली, मूठभर गप्पी आणि एक गुरामी. एवढ्या प्रजेसाठी कोठीच्या खोलीत इन्व्हर्टर, दीडशे एएचची ट्युब्युलर बॅटरी, चार्जिंगचे दोन हवापंप, सेलवरचा तिसरा, आणि तिन्ही दगा देतील म्हणून सायकलचा पंप. काकू त्या खोलीला गडावरच्या धान्यकोठाराच्या नावानं 'अंबरखाना' म्हणतात. टोमणाच तो, पण अण्णा बिरुदासारखा मिरवतात. "१६६० साली वाटलं होतं, पाऊस लागला की सिद्दी जौहर गडाचा वेढा उठवणार. उठवला? साठा पाहिजे ओ, साठा!"

हिशेब तोंडपाठ. बारा व्होल्ट गुणिले दीडशे, अठराशे वॉट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर बॅटरी बसते. इन्व्हर्टर स्वतः खातो ते सोडलं तरी पाच वॉटचा पंप दोन दिवस आरामात. "पण फक्त पंप," असं ते बजावतात, आणि त्या 'फक्त'खाली अख्खं घर चिरडलेलं असतं. टीव्ही नाही, मोबाईलचं चार्जिंग नाही. गेल्या आखाडात काकूंनी फ्रिजमधल्या दोन किलो मटणासाठी रदबदली केली.

"मटण मेलेलंच आहे," अण्णा म्हणाले. "हे जिवंत आहेत."

लाईट असली की गडी निस्तेज. पंधरा दिवस सलग राहिली तर जेवणावरची वासना उडते. मग एखाद्या रविवारी, भारताची मॅच ऐन रंगात आलेली असताना, अण्णा स्वतःच मेन स्विच पाडतात. रंगीत तालीम म्हणे!

त्या मटणाच्या रात्रीच पुण्याचे जावई मुक्कामाला होते. पाणी गार पडायला लागलं. शंभर वॉटचा हीटर लावला तर बॅटरीचा सकाळपर्यंत निकाल लागणार. अण्णांनी पाहुण्यांच्या अंथरुणावरची सोलापुरी चादर अलगद ओढली, टाकीला तिन्ही बाजूंनी गुंडाळली आणि वरून थर्माकोल लावला. हवा खेळायला वरची फट मोकळी, आणि मासे बघायला चौथी बाजू. जावई उघडेच.

नातवानं खाण्याची डबी उचलली तशी अण्णा कडाडले. "ठेव ती! लाईट येईस्तोवर खाणं बंद. खाल्लं की घाण, घाणीचा अमोनिया. तो पचवणारे जिवाणू फिल्टरात असतात, पाणी फिरायचं थांबलं की तेच गुदमरतात." मासा दोन दिवस उपाशी सहज राहतो, हेही वर सांगितलं. आणि त्याच दमात काकूंना विचारलं, चहाचं काय झालं?

जावई इंजिनियर. कुडकुडत टॉर्च घेऊन टाकीपाशी बसले होते. गुरामी दर थोड्या वेळानं वर यायचा, तोंड बाहेर काढून हवेचा घोट घ्यायचा आणि खाली जायचा. पंपाकडे ढुंकूनही बघत नव्हता.

"मामा, ह्याला पंप लागतच नाही की. वरची हवा घेतोय."

"तो तसलाच आहे," अण्णा तुटकपणे म्हणाले. साऱ्या टाकीत त्यांचा राग एकट्या गुरामीवर.

"मग सगळे गुरामीच पाळा. बॅटरी नको, पंप नको, कटकटच मिटली."

अण्णा बराच वेळ जावयाकडे बघत राहिले. मुलगी कुठं दिली, असा काहीसा भाव होता.

"आणि पाव्हणं," ते म्हणाले, "लाईट गेल्यावर आम्ही करायचं काय?"