माफीचा साक्षीदार आणि पापलेट

दापोली तालुक्यातील बुरोंडीस पृथ्वीगोलावर उभी असलेली भगवान परशुरामांची भव्य मूर्ती पाहिली की, बाण सोडून समुद्रास मागे हटविणाऱ्या त्या महापुरुषाचा मला किंचित मत्सर वाटतो. कारण त्यांचा तंटा एकट्या समुद्राशी होता. खाली बंदरावरच्या मच्छीमारांचा तंटा मात्र समुद्रापेक्षा शेजारच्या नौकेशी अधिक, आणि तिथे बाण चालत नाही.

या जातीच्या तंट्यांचे एक शास्त्र आहे. 1950 साली अमेरिकेतील रँड संस्थेत फ्लड आणि ड्रेशर या गणितज्ञांनी एक कोडे रचले आणि टकर यांनी त्यास कैद्यांची गोष्ट जोडली. दोघा साथीदारांस निरनिराळ्या कोठड्यांत डांबले आहे. दोघेही गप्प राहिले तर एकेक वर्ष, एकच माफीचा साक्षीदार झाला तर तो मोकळा आणि दुसऱ्यास तीन वर्षे, दोघांनीही जबानी दिली तर दोन-दोन वर्षे. दुसरा काहीही करो, आपण बोलण्यातच आपले हित, असा निर्दोष हिशेब प्रत्येकजण एकांतात मांडतो, आणि एवढ्या विद्वत्तेच्या जोरावर दोघेही दोन वर्षे खडी फोडतात.

हे कोडे मी बुरोंडीच्या एका वयोवृद्ध तांडेलास मोठ्या अभिनिवेशाने सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘सुटल्यावर दोघे एकाच गावात राहणार ना?’’ कोड्यात तशी तरतूद नाही, असे मी म्हणताच, गाव नसलेल्या माणसांच्या गोष्टीत त्यांना स्वारस्य उरले नाही. राज्यशास्त्रज्ञ ॲक्सेलरॉड यांनी 1980 च्या सुमारास संगणकांच्या स्पर्धा भरवून तीच शंका तपासली होती. हाच डाव पुनःपुन्हा खेळविला तेव्हा, आरंभी सहकार्य करावे आणि पुढे समोरच्याने केले तसेच करावे, ही रॅपोपोर्ट यांची अगदी आखूड युक्ती जिंकली.

बंदरावरही डाव रोजचाच. 1 जून ते 31 जुलै ही शासनाची मासेमारीबंदी या कोड्यातील सोपा भाग होय; नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, कोणाची जागा रिकामी आहे ते अवघ्या गावास दिसते आणि खवळलेला समुद्र सरकारचा बिनपगारी शिपाई होतो. कठीण भाग क्षितिजापलीकडचा. 5 फेब्रुवारी 2016 च्या हुकुमाने, माशांच्या थव्यास वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. पण दूरवर कोणी अख्खा थवा उचलीत असेल, तर आपण पिल्ले कोणासाठी सोडावीत, हा लहान मच्छीमाराचा प्रश्न कोणत्याही फर्मानाने मिटत नाही. तुर्कस्तानातील अलान्याच्या मच्छीमारांनी मात्र आपसांत मासेमारीच्या जागांच्या चिठ्ठ्या टाकून रोज एकेक जागा पुढे सरकण्याचा रिवाज घातला. दुसऱ्याच्या जागी घुसणारा आयताच सापडतो, कारण हक्कदार तिथे हजर असतो. असल्या रिवाजांच्या अभ्यासाबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मासळीबाजारात मात्र ग्राहकही कैदीच. ज्यास 2023 साली राज्यमासा म्हणून गौरविले, त्या पापलेटाची तळहातात मावतील अशी पिल्ले पुढ्यात ठेवून विक्रेतीण म्हणते, ‘‘तुम्ही नाय घेतलंत तर मागचा घेईल.’’ टकरसाहेबांनाही एवढ्या थोडक्यात मांडता आले नसते! पण बाजार ही कोठडी नव्हे, तिथे बोलण्यास मज्जाव नाही. म्हणून वाचकांस विनंती की, असले पापलेट घेऊ नये, आणि मागे उभे असतील त्यांनाही ‘घेऊ नका’ असे तिथल्या तिथे, मोठ्याने सांगावे.