पंधरा फुटांवरचा चित्रपट

चित्रपट परदेशी कंपनीच्या दुकानातला असेल, तर बटण दाबल्यापासून दोन-तीन सेकंदांत तो डोंबिवलीच्या हॉलमध्ये सुरू होतो. तोच चित्रपट बेडरूममधल्या टेबलाखालच्या हार्ड डिस्कवर असेल, तर हॉलपर्यंतचे पंधरा फूट चालून यायला त्याला साधारण पंधरवडा लागतो. आधी रिव्ह्यू बघायचे, मग पेटी मागवायची, मग ती परत करायची, मग दुसरी मागवायची. या काळात हार्ड डिस्क जागची हलत नाही, टीव्हीही हलत नाही. फेऱ्या होतात त्या फक्त कुरिअरवाल्याच्या.

यात गूढ काहीच नाही. नेटफ्लिक्सने जगभरच्या इंटरनेट कंपन्यांच्या इमारतींत चित्रपटांनी भरलेली स्वतःची यंत्रं नेऊन ठेवली आहेत, ओपन कनेक्ट या नावाने. म्हणजे प्रेक्षकाने हाक मारायच्या आधीच चित्रपट त्याच्या गावच्या वेशीवर येऊन बसलेला असतो. बेडरूम ते हॉल या पल्ल्यासाठी एवढी धावपळ करायला कुणी मोकळं नाही. करील कोण? हॉलमधल्या माणसाने बेडरूममधला चित्रपट पाहिला, तर दरमहा वर्गणी कुणाकडून घ्यायची?

आता त्या हार्ड डिस्कवर असतं काय, हा प्रश्न सभ्य घरात फार खोलात जाऊन विचारत नाहीत. काही फाइली ‘एका मित्राने दिलेल्या’ असतात, आणि त्या मित्रालाही त्या एका मित्रानेच दिलेल्या असतात. त्या सोडून देऊ. ज्यांच्या मालकीबद्दल वाद नाही असाही ऐवज बराच निघतो. लग्नाची डीव्हीडी, मुंजीची डीव्हीडी, आजोबांच्या एकसष्टीची व्हीसीडी. लग्नाची डीव्हीडी उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात व्हीओबी नावाच्या फाइलींचे जास्तीत जास्त एकेक जीबीचे तुकडे. सीमांतपूजन कुठे संपलं आणि अंतरपाट कधी धरला, याच्याशी या तुकड्यांना कर्तव्य नसतं. एक जीबी भरला की कापलं. त्यामुळे एका फाइलीत ‘शुभमंगल’ होतं आणि ‘सावधान’ ऐकण्यासाठी रिमोट घेऊन पुढची फाइल शोधावी लागते. भटजींनीही इतका वेळ घेतला नव्हता. त्यातून ही चित्रफीत पाल पद्धतीची, 576 ओळींची, आणि त्या ओळीही एकाआड एक अशा दोन हप्त्यांत दाखवायच्या. ज्या पेटीला हे हप्ते नीट जुळवता येत नाहीत, तिच्यावर नवरदेवाने मान वळवली की त्याच्या गालावर आडव्या रेघा उमटतात.

बाजार मात्र घरच्या आयटीवाल्याच्या सेवेला हजर आहे. (घरचा आयटीवाला म्हणजे आयटीत नोकरी करणाराच असं नाही. कधीकाळी एकदा प्रिंटर चालू करून दाखवल्याची शिक्षा जन्मभर भोगणारा कुटुंबातला कुणीही.) त्याच्यासमोर पहिली येते ती स्टिक. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात 2017 मध्ये 3,999 रुपयांना आली आणि टीव्हीच्या मागे जाऊन लपली. तिचा होम स्क्रीन उघडला की वर जाहिरात, खाली शिफारशी, त्याखाली वर्गणी भरल्यावर बघता येतील असे चित्रपट. घरचा चित्रपट दाखवणारं कोडी हे ॲप ॲमेझॉनने 2015 मध्येच आपल्या ॲप स्टोअरमधून हद्दपार केलं होतं. मग लोक ते बाहेरून आणून बसवू लागले. 2025 मध्ये ‘4के सिलेक्ट’ नावाची नवी स्टिक आली तेव्हा कंपनीने आतली अँड्रॉइडवरची प्रणालीच बदलून वेगा नावाची घातली आणि तिच्यावर बाहेरचं ॲप चढवायची सोयच ठेवली नाही. गिऱ्हाइकाने पैसे मोजून स्वतःच्या हॉलमध्ये दुकानदाराचा गाळा उघडून द्यायचा आणि वर गाळ्याचं वीजबिलही आपणच भरायचं, असा हा व्यवहार आहे. तो लोक रांगा लावून करतात.

गूगलचं क्रोमकास्ट यापेक्षा साधं होतं. 2013 मध्ये अमेरिकेत 35 डॉलरना निघालं, पुढच्या वर्षाअखेर भारतात आलं. फोनवरून चित्रपट टीव्हीकडे ढकलायचा, बस. ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं, आणि मार्च 2025 मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट जगभर एकाच दिवशी रुसली. कारण काय, तर तिच्या आत बसवलेल्या सुरक्षा प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. यंत्र धडधाकट, वायफाय चालू, टीव्ही चालू. पण फोन त्याला ओळख द्यायला तयार नाही. ज्यांनी सवयीप्रमाणे फॅक्टरी रिसेट मारलं त्यांचं दुखणं आणखी वाढलं. हयातीचा दाखला न दिल्याने पेन्शन अडकलेल्या माणसाला हे सगळं लगेच समजेल. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, एवढाच फरक.

ॲपलची तऱ्हा निराळी. 2022 चं ॲपल टीव्ही 4के भारतात 14,900 रुपयांना आलं. चाल सुरेख, रिमोट देखणा, पण त्याला लॅन पोर्ट नाही. तो हवा तर 16,900 चं मॉडेल घ्या. वरच्या दोन हजारांत स्टोरेजही दुप्पट मिळतं हे खरं. पण घरचा आयटीवाला तो हिशेब धरत नाही. त्याच्या लेखी दोन हजार रुपये एका चौकोनी भोकाचे.

म्हणून तो मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोडला जातो आणि पुण्यात असेल तर तापकीर गल्लीत. तिथे काउंटरवर बिननावाच्या अँड्रॉइड पेट्या रचून ठेवलेल्या असतात. ‘साहेब, सगळं चालतं.’ आणि खरोखरच सगळं चालतं. एमकेव्ही, एव्हीआय, लग्नाचे तुकडे, सगळं. चालत नाही ते नेटफ्लिक्स. यांतल्या बहुतेक पेट्यांकडे वाइडव्हाइन या कॉपी-संरक्षण प्रणालीचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे 55 इंची टीव्हीवर नेटफ्लिक्सचं चित्र व्हीसीडीच्या जमान्याची आठवण करून देतं. हे परवडलं. परवडत नाही ते दुसरंच. 2023 पासून संशोधकांना अशा काही पेट्यांत कारखान्यातूनच भरून आलेली घातक सॉफ्टवेअरं सापडू लागली. जून 2025 मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स 2.0 नावाच्या जाळ्याबद्दल इशारा दिला, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने कोर्टात सांगितलं, की अशी एक कोटीहून जास्त उपकरणं बाधित आहेत. बाजारात विनातक्रार सगळं चालवणारी पेटी मिळतेच. फक्त ती आणखी कुणाकुणासाठी काय काय चालवते, याची पावती मिळत नाही.

ज्यांना हे नको असतं ते रास्पबेरी पायच्या वाटेला जातात आणि मग सहसा जेवायलाच परत येतात. पत्त्यांच्या जोडाएवढा हा संगणक 2012 मध्ये आला तेव्हा एमपीईजी-2 चित्र हार्डवेअरवर उलगडण्यासाठी 2 पौंड 40 पेन्सचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागे. एमपीईजी-2 म्हणजे नेमका लग्नाच्या डीव्हीडीचा प्रकार. आपलंच लग्न बघायला ब्रिटनला दस्तुरी! पुढच्या मॉडेलांत ती कटकट गेली, पण रास्पबेरी पाय 5 मधून एच.264 या चित्रप्रकाराचा हार्डवेअर डीकोडर काढून टाकला आणि ते काम प्रोसेसरच्या अंगावर घातलं. त्याला ते झेपतं, असं जाणकार सांगतात.

पेटी घरी येते तेव्हा खरा तमाशा सुरू होतो. टीव्हीला किंवा पेटीला फाइलीतलं चित्र वा ध्वनी समजत नसेल, तर पलीकडच्या सर्व्हरने चालत्या गाडीत ती फाइल सोप्या प्रकारात बदलून द्यायची, याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. पाहुण्याला दात नाहीत म्हणून यजमानाने पुरणपोळी मिक्सरमधून काढून वाढावी, तसा हा पाहुणचार. पोळी कितीही चांगली असो, पानात लगदाच पडतो आणि मिक्सर तापतो. दातांची पेटी आणणं स्वस्त पडतं. पण घरचा आयटीवाला मोठा मिक्सर आणतो.

आणि गंमत अशी, की चित्र क्वचितच दगा देतं. दगा देतो तो आवाज. ब्लू-रेवरून आलेल्या फाइलींत बरेचदा डीटीएस पद्धतीचा ध्वनी असतो. सॅमसंगने 2018 पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकलं. एलजीच्या 2020 ते 2022 च्या टीव्हींतही ते नव्हतं. परिणामी दीड लाखाच्या टीव्हीवर लख्ख चित्र आणि मूकपट. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये जे दाखवलं, तेच, फक्त 4के मध्ये. तारेचीही तीच कथा. अल्ट्रा एचडी ब्लू-रेचा प्रवाह सेकंदाला 128 मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, आणि भल्याभल्या महागड्या टीव्हींचा लॅन पोर्ट 100 मेगाबिटचाच असतो. भिंतीला गिरमिट लावून, नवा रंग खराब करून, बोलणी खाऊन ओढलेली केबल वायफायपेक्षा हळू निघते. या क्षणी घरातलं कुणी काही बोलत नाही. ते जास्त लागतं.

मराठी माणसाला यावर एक खास भेट मिळते ती देवनागरी सबटायटल्सची. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’चं नाव काही टीव्हींच्या स्वतःच्या प्लेअरवर आलं की पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन उभी राहते आणि जोडाक्षर पाय मोडून पडतं. फॉन्ट असतो, अक्षरं एकमेकांत कशी गुंफायची ते त्या प्लेअरला शिकवलेलं नसतं. तीच फाइल व्हीएलसीत लावली की अक्षरं गुपचूप जागेवर येतात. हे व्हीएलसी पॅरिसजवळच्या विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेलं, फुकट, बिनजाहिरातीचं. 2022 मध्ये त्याची वेबसाइट भारतात कित्येक महिने बंद होती आणि नोव्हेंबरात पुन्हा उघडली. ज्या वस्तूविषयी कुणाचीच तक्रार नव्हती तीच बंद झाली, म्हणजे कारभार रीतसर चालू होता.

नावांचा घोळ वेगळाच. प्लेक्स आणि जेलीफिन यांसारखी सॉफ्टवेअरं फाइलीच्या नावावरून पोस्टर आणि माहिती आणतात. नुसतं ‘श्यामची आई’ लिहिलं तर आचार्य अत्र्यांची 1953 ची आई आणि 2023 ची आई यांतली कुठली, हे यंत्र स्वतःच ठरवतं. म्हणून कंसात वर्ष टाकायचं. पण चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ व्हेनिसला दाखवला 2014 मध्ये, महाराष्ट्रात लागला 2015 मध्ये. कंसात कुठलं वर्ष टाकायचं, यावर कितीतरी रविवार सत्कारणी लागले आहेत. चित्रपट बघायचा राहिला तो राहिलाच.

या सॉफ्टवेअरांचं राजकारणही आपल्याकडच्या राजकारणाइतकंच प्रवाही. कोडीतून फुटून प्लेक्स निघालं. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड झाकून घेतला तेव्हा डिसेंबर 2018 मध्ये त्यातून फुटून जेलीफिन निघालं. प्लेक्सने एप्रिल 2025 मध्ये आजीवन पासची किंमत 120 डॉलरवरून 250 वर नेली आणि घराबाहेरून स्वतःचाच संग्रह बघायला पैसे लावले. नॅस, म्हणजे घरगुती साठवणीच्या पेट्या, बनवणाऱ्या सिनॉलॉजीने ऑगस्ट 2024 च्या अपडेटमध्ये व्हिडिओ स्टेशन हे स्वतःचं ॲपच काढून टाकलं. ज्यांनी त्यासाठीच नॅस घेतला होता त्यांनी ‘अपडेट नाऊ’ दाबून ते ऐकलं. प्लेक्समध्ये घुसायचं तर खातं लागतं, आणि खात्याची ओळख इंटरनेटवर पटते. महापालिकेने गॅसलाइनसाठी रस्ता खणला, फायबर तुटलं, की नेमक्या त्याच संध्याकाळी सेटिंगमधली एक ओळ भरायची राहिल्याचं लक्षात येतं आणि बेडरूममधला चित्रपट बेडरूममध्येच राहतो. जेलीफिन याबाबतीत बरं. ओळख पटवायला ते आपल्या घराबाहेर कुणालाच विचारायला जात नाही.

विकत घ्यायचंच तर काम अवघड नाही. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन आधी आपल्या फाइलींत कुठला व्हिडिओ आणि कुठला ऑडिओ आहे ते पाहावं. मग ते दोन्ही ज्या पेटीला थेट वाजवता येतात, जिला गूगलचं रीतसर प्रमाणपत्र आहे, जिच्यावर व्हीएलसी किंवा जेलीफिन चढतं, अशी साधी पेटी घ्यावी. बहुतेकांच्या फाइली एच.264 च्या, फार तर 10-15 मेगाबिटच्या असतात. त्यांना स्टिकही पुरते, आणि दुकानदाराचा गाळा डोळ्याआड करायची सवय लागते. पण आधी फाइली बघा म्हटलं की आयटीवाल्याचा चेहरा पडतो. कारण मग बहुतेकदा असं निघतं, की काहीच घ्यायची गरज नव्हती.

इतकं सगळं झाल्यावर आजी म्हणतात, ‘अरे, ते पेन ड्राइव्ह की काय, तेच लाव ना सरळ.’ सूचना बिनतोड असते. फाइल सहा जीबीची आणि पेन ड्राइव्ह फॅट32 चा, त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट करायचा तर तो टीव्हीला वाचता येतो की नाही ते पुस्तिकेत बघायला हवं. पुस्तिका टीव्हीच्या खोक्यात आणि खोकं माळ्यावर. शिवाय पेन ड्राइव्हवर सोसायटीच्या वार्षिक सभेचे हिशेब, ते आधी लॅपटॉपवर उतरवायचे. लॅपटॉपला हात लावायची सोय नाही. त्यावर लग्नाचे तुकडे जोडून एमकेव्ही करायचं काम चाललंय, आत्ताशी 42 टक्के झालंय, आणि मध्ये बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून.