गंधकाचा वास मोजण्याची सोपी कृती (नवशिक्यांसाठी)

साहित्य: एक गॅस क्रोमॅटोग्राफ, त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर, हेलियमचा सिलिंडर आणि चाकणहून आलेलं, वास मारणारं मोटारीच्या दरवाजाचं एक रबरी बीडिंग. बीडिंग फुकट मिळतं. बाकीच्यासाठी कोटेशन मागवा आणि साहेबांच्या सहीची वाट पाहा.

आधी बीडिंग हुंगा. रबर पक्कं करायला गंधक घालतात, आणि सोबतचे थायुरामसारखे अ‍ॅक्सिलरेटर तापले की कार्बन डायसल्फाइड सुटतो. नाकाचा निकाल यंत्राच्या आधी लागेल. तो रिपोर्टात लिहू नका. नाकाला कॅलिब्रेशन सर्टिफिकेट नसतं.

कधी बीडिंगऐवजी हवेचा नमुना घ्यायचा असेल, तर तो साध्या स्टीलच्या भांड्यात भरू नका. हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन धातूच्या भिंतीवर सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे ठाण मांडून बसतात. भांड्याला आणि नळ्यांना आतून सिलिकाचा लेप हवा. उशीरही नको. मरकॅप्टनचं ऑक्सिडेशन होऊन डायमिथाइल डायसल्फाइड बनतो. मोशीच्या कचरा डेपोवर नमुना घेतलात आणि भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये रखडलात, तर निघाला एक वायू आणि पोचला दुसरा, असं व्हायचं. लेबल मात्र सकाळचंच.

आता रन लावा. बुधवारी रात्री लावून घरी जाऊ नका. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा हक्काचा वार. मास स्पेक्ट्रोमीटरचा व्हॅक्यूम गेला की शुक्रवार तो परत आणण्यात जातो.

पडद्यावर 34 दिसला की ‘हायड्रोजन सल्फाइड सापडला’ म्हणून साहेबांकडे धावू नका. ऑक्सिजनच्या 16 आणि 18 वजनाच्या अणूंची जोडीही 34 भरते, आणि तुमच्या नमुन्यात हवा भरपूर आहे. 48 चंही तसंच: तो मरकॅप्टन असेल, नाहीतर सल्फर डायऑक्साइडचा तुकडा. मास स्पेक्ट्रोमीटर फक्त वजन सांगतो. या मंडळींना वेगवेगळ्या वेळी बाहेर काढणं हे क्रोमॅटोग्राफच्या कॉलमचं काम, म्हणून कॉलमवर कंजुषी नको. कार्बन डायसल्फाइड त्या मानाने सरळमार्गी. 76 च्या शेजारी त्याच्या साधारण 9 टक्के उंचीचा 78 उभा असेल, तर रेणूत गंधकाचे दोन अणू आहेत, निर्धास्त राहा.

रिपोर्ट पाठवलात की ग्राहक विचारेल, ‘ते ठीक आहे, पण व्हीडीए 270 मध्ये किती?’ ही मोटारींच्या सामानाची जर्मन चाचणी. तीत किमान तीन माणसं तुकडा हुंगून 1 ते 6 गुण देतात. 6 म्हणजे असह्य. तुम्हालाही पॅनेलवर बसवतील. त्या दिवशी मिसळीवर कांदा घेऊ नका.