आज कोण आलं होतं?

आमच्या घरातल्या वस्तू निवृत्त होतात, पण घर सोडत नाहीत. माळ्यावर वाळ्याच्या काळ्या पडलेल्या ताट्या आहेत, मोटार जळालेला कूलर आहे आणि त्याच्या पोटात परवापर्यंत २००८ साली सीताबर्डीतून असेंबल करून आणलेला कॉम्प्युटर होता. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम. भंगारवाला त्याचा किलोवर भाव सांगायचा आणि आईला तो अपमान वाटायचा. "तेव्हा सोन्याच्या भावात घेतला न बाप्पा, आता लोखंडाच्या भावात काहून देऊ?"

म्हणून मी त्याला घराचा राउटर आणि फायरवॉल करायचं ठरवलं. लागतं फार थोडं. नेटवर्कची दोन तोंडं हवीत: एकातून बाहेरचं इंटरनेट आत येणार, दुसऱ्यातून घरात जाणार. एक मदरबोर्डवर होतंच, दुसऱ्यासाठी सेकंडहँड कार्ड आणलं. जुना वायफायचा डबा फेकला नाही (आमच्याकडे फेकतं कोण?), त्याचं घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम (डीएचसीपी) बंद केलं आणि नुसता वायफाय पसरवायच्या कामाला लावला.

सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अर्थात तिथेही भाऊबंदकी आहेच. मूळ घर मोनोवॉल, स्वित्झर्लंडच्या मॅन्युएल कॅस्परचं. २००४ मध्ये त्यातून पीएफसेन्स वेगळं निघालं, २०१५ च्या जानेवारीत पीएफसेन्समधून ओपीएनसेन्सने चूल मांडली आणि पुढच्याच महिन्यात मूळ घराला कुलूप लागलं. मी मधल्या पातीकडे गेलो. २०१७ मध्ये पीएफसेन्सने ३२ बिटवाल्या मशिनींना रामराम केला, पण आमचा म्हातारा ६४ बिटांचा निघाला. आईच्या चेहऱ्यावर 'सांगत नव्हते?' असा भाव होता.

कॉम्प्युटर उठला की पहिल्यांदा काय म्हणतो? कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. ज्या कीबोर्डाचा पत्ता नाही त्याचंच बटण! बायोसमध्ये जाऊन त्याला समजवावं लागतं की बाबा, कीबोर्ड नसला तरी अडू नको. लाइट गेली तर परत आल्यावर आपणहून सुरू हो, हेही तिथेच सांगायचं. मे महिन्यातल्या वावटळीत आमच्याकडची लाइट दिवसातून कितीदा जाते हे नागपूरकरांना सांगायला नको.

खरी परीक्षा नवतपाची. बाहेर ४५, आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. ती खरवडून नवी लावली, पंख्यातून चिमूटभर नव्हे, मूठभर धूळ काढली, तरीही दुपारी पंखा विमानासारखा घोंघावायचा. त्याला थेट कूलरसमोर ठेवता येत नाही, ओलसर हवेने पत्रे गंजतात. शेवटी कूलरच्या हवेची धार चुकवून, पण गारव्यात राहील अशी जागा त्याला मिळाली. ती काकांच्या खुर्चीची होती.

काका वीज मंडळातून निवृत्त. त्यांनी खुर्चीबद्दल अवाक्षर काढलं नाही, कागद-पेन काढलं. "साठ वॉट, चोवीस तास. दिवसाचं जवळपास दीड युनिट. महिन्याचे त्रेचाळीस. नवा डबा आठ-दहा वॉटांत हेच काम करते. आणि स्लॅब बदलला की पुढचं युनिट महाग, ते वेगळंच. वरून इंटरनेटवर घराला स्वतंत्र पत्ता म्हणून तू घेतलेल्या त्या पब्लिक आयपीचे पैसे!" हिशेब बिनचूक होता. फुकटच्या वस्तूइतकं महाग काही नसतं, हे मला मान्यच आहे; पण घरात चार माणसं कामाला लागली होती, आणि त्याचं युनिट कसं काढणार?

चारातलं मुख्य माणूस म्हणजे आई. फायरवॉल कोणाकोणाला दारातून परत पाठवतं त्याची नोंद ठेवतं, ती मी तिला दाखवली. तेव्हापासून संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तिचा प्रश्न ठरलेला. "आज कोण आलं होतं?" ब्राझील, व्हिएतनाम, नेदरलँड्स. सगळ्यात जास्त लोंढा २३ नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्ट २३ वर. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने ढिल्या पासवर्डचे कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले. त्याची पिलावळ अजून दारोदार फिरते. आईला सांगितलं, हे माणसं नव्हेत, कुणाच्या तरी दुकानातले बिचारे कॅमेरे आहेत.

"मग आपण त्यांना काय म्हणतो?"

"काही नाही. चूप बसतो. त्याला ड्रॉप म्हणतात."

"हे काय वागणं झालं? दारावर आलेल्याला निदान नाही तरी म्हणावं."

"वहिनी," काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "वर्गणीवाले पोरं आले की तुम्ही टीव्हीचा आवाज बंद करता, ते काय असते?"

"ते ओळखीचे असतात, भाऊजी. हे परगावचे."

फायरवॉलमध्ये सभ्यपणे नाही म्हणायचीही सोय असते, तिला रिजेक्ट म्हणतात. जाणकार बाहेरच्या तोंडावर ती वापरू नका म्हणतात; उगाच घरात कोणी आहे हे कळतं. पण आईपुढे जाणकारांचं काय चालतं? पोर्ट २३ पुरता नियम बदलला. दुसऱ्या दिवशी नोंदीत तीच गर्दी, तेच ब्राझील. आईने चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि समाधानाने म्हणाली, "येऊ दे आता कितीदा यायचं ते. आपण सांगितलं न एकदा!"