मुदतवाढ

सेवानिवृत्त : मादी आहे. बदामी रंग, कमरेला अगदी सडपातळ, पाय असे काठीसारखे. ती आली की आपली आस्थापना पूर्ण झाली.

सेवारत : आस्थापना तुमची अठ्ठावन्नाव्या वर्षीच पूर्ण झाली. सरकारने शाल दिली, नारळ दिला, दोन भाषणं झाली. आता ही नवी पदनिर्मिती कुठल्या मंजुरीने चालली आहे? चार करवान कुत्री दारात असताना पाचवं कशाला? आधी त्या चौघांपैकी एकाचं तरी काम दाखवा.

सेवानिवृत्त : राखण करतात. माळावर घर आहे, शेजार अर्ध्या किलोमीटरवर. इथे कुत्र्याशिवाय राहता येतं का?

सेवारत : कुत्र्याशिवाय येत नाही, हे कबूल. पण राखणीसाठी तुम्ही भलत्याच खात्यातली माणसं घेतलीत. करवान नजरेवर चालणारं कुत्रं आहे. मुस्कट लांब, डोळे दोन्ही कडांना, त्यामुळे त्याला माणसापेक्षा कितीतरी रुंद दिसतं. माळावर लांब काही हललं की ते त्याला कळतं, आणि कळलं की ते पळत सुटतं. ही त्याची विद्या. भुरट्या चोराला पळायचं नसतं, सावकाश यायचं असतं, आणि तेवढ्यासाठी वस्तीवरचं गावठी कुत्रं पुरतं. वाळलेलं पान पडलं तरी ते अर्धा तास भुंकतं. काही करवान राखणही चांगली करतात, नाही म्हणत नाही. पण राखणदाराची राखण कोण करणार? अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. तुम्ही म्हणाल, अकोले कुठे, आपला सोलापूर जिल्हा कुठे. करमाळ्यात २०२० च्या डिसेंबरात बिबट्याने काय केलं ते सगळ्या जिल्ह्याने बघितलंय. म्हणून तर रात्री चौघांना आत घ्यायचं, कडी लावायची आणि बाहेर खुट्ट झालं की बॅटरी घेऊन आपण अंगणात जायचं, असा आपला शिरस्ता पडलाय. राखणदार आत गादीवर, आणि ज्याची राखण करायची तो बाहेर उघड्यावर!

सेवानिवृत्त : गादी चैनीची नाही. त्यांच्या अंगावर चरबी नसते, केस आखूड. फरशीवर कोपरं सोलवटतात.

सेवारत : तेच म्हणतेय. मऊ बैठक लागते. दार कुणीतरी उघडावं लागतं. जेवण वेळेवर लागतं. दिवसभर आडवं पडायचं, एखादी गोष्ट हलताना दिसली की तिच्यामागे जीव तोडून धावायचं आणि रिकाम्या हाताने परत येऊन धापा टाकायच्या. ही लक्षणं कोणाची, ते तुम्ही छत्तीस वर्षं नोकरी करून मला सांगू नये? या घरात साहेब ते चौघे आहेत. तुम्ही त्यांचे शिपाई. आणि मी कॅन्टीन.

सेवानिवृत्त : शिस्त लावतोय ना मी. सहा महिन्यांत बघ, नाव घेतलं की चौघे हजर होतील.

सेवारत : होणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मेंढ्या वळवणारं कुत्रं धन्याच्या तोंडाकडे बघत काम करतं, कारण त्याचं कामच धन्याच्या हुकमावर चालतं. सशामागे सुटलेलं कुत्रं धन्यापासून तीन शेतं पुढे असतं. ससा डावीकडे वळला तर काय करायचं, हे तिथे कोणाला विचारणार? जे विचारायला थांबलं ते उपाशी राहिलं आणि त्याची पिल्लं कोणी ठेवली नाहीत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती न विचारणाऱ्यांची. आणि तुम्ही जन्मभर कशावर जगलात? ‘आदेशार्थ सादर’ यावर! हाताखाली ऐकणारी माणसं गेली, ती जागा भरायची म्हणून जे कुत्रं आणलंत ते नेमकं न ऐकण्यासाठीच घडवलेलं. निवृत्त लोकांची ही मोठी गंमत आहे. त्यांना कुत्री नको असतात. त्यांना हजेरीपट हवा असतो.

सेवानिवृत्त : हजेरीपट नाही. फिरणं हवंय. डॉक्टरांनीच सांगितलं, रोज चाला. चार कुत्री असली की चालणं टळत नाही.

सेवारत : चालण्याला कोण नको म्हणतंय? पण तुमचं चालणं त्यांच्या काय कामाचं? दोऱ्या लावून तासभर डांबरी रस्त्याने हळूहळू जाणं हा रक्तदाबाचा व्यायाम आहे, करवानचा नव्हे. त्याला हवी ती थोड्या वेळाची पण सुसाट धाव, मग दिवसभर झोप. त्यासाठी सोडायला हवं, आणि सोडलं तर पुढे काय हलतं? शेजारच्या शेळ्या. बांधावरच्या कोंबड्या. पुढे माळावर ससा, काळवीट. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तो तुमच्याच कपाटात आहे, उघडून बघा. शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं येत नाही. पाठलाग करणं, हाकणं, सापळा लावणं हेही येतं. म्हणजे ज्या एका कामासाठी हे जनावर घडलं, ते काम आज गुन्हा आहे. कायदा बरोबरच आहे, माळावर जे चार ससे उरलेत ते राहू द्यावेत. पण मग हे कुत्रं निवृत्त नाही, ते जन्मापासून निलंबित आहे. तुम्ही नोकरी करून मोकळे झालात. त्याला रुजूच होऊ दिलेलं नाही. आणि निलंबित माणूस घरी बसून काय करतो ते तुम्ही खात्यात बघितलंय. तो सोफा फाडतो.

सेवानिवृत्त : सोफा जुना होता.

सेवारत : होता.

सेवानिवृत्त : आणि तू देशी जातीचा विचारच करत नाहीस. पोस्टाने २००५ मध्ये मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी नाव घेतलं. लष्कराने मुधोळची पिल्लं मेरठला नेऊन तयार केली. मुधोळ म्हण, करवान म्हण, रक्त तेच. लोक परदेशी हस्की आणून सोलापूरच्या उन्हात एसीत ठेवतात. त्यापेक्षा मी आपल्या मातीतली जात जगवतोय.

सेवारत : हस्कीपेक्षा बरं, हे मान्य. बेचाळीस अंशांत बर्फावरचं कुत्रं पाळणाऱ्याशी तुमची तुलनाच करत नाही, तेवढ्याने तुम्ही शहाणे ठरत असाल तर ठरा. पण जात जगवणं म्हणजे काय ते नीट बघू. मुधोळच्या घोरपड्यांनी ती सांभाळली, त्याहून जास्त सांभाळली ती माळावर हिंडणाऱ्या गरीब लोकांनी, आणि दोघांची कसोटी एकच होती : धावतं का? जे धावेना त्याची वीण पुढे नेली नाही. आज धावायची कसोटीच उरली नाही, तेव्हा निवड होते ती मोबाइलवरच्या फोटोवरून. मान केवढी लांब, रंग कसा, शेपूट किती बारीक. दहा पिढ्या असं चाललं की तिकिटावर शोभेल असं कुत्रं उरेल आणि करवान संपेल. जात वाचते ती नोंदी ठेवून, लांबचं रक्त शोधून जोडी लावून. बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूरला त्यासाठी विद्यापीठाचं केंद्रच आहे. आणि आपल्या अंगणात काय आहे? चार नर, चौघांचा बाप एक. येणारी मादी कोणाची?

सेवानिवृत्त : त्याच... म्हणजे त्याच गृहस्थांकडची.

सेवारत : म्हणजे यांची बहीण. याला संवर्धन म्हणत नाहीत, याला अनुकंपा तत्त्वावरची भरती म्हणतात. पुढचा हिशेबही ऐका. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. त्या पंधरा-वीस दिवसांत चार भाऊ एकमेकांचे कान फाडतील आणि पंचक्रोशीतले सगळे उमेदवार कुंपणाशी मुलाखतीला बसतील. एवढं करून जमलं, तर त्रेसष्ट दिवसांनी सहा-सात पिल्लं. तेव्हा पाचवं कुत्रं म्हणजे पाच नव्हेत, बारा. नसबंदी करून आणा म्हणाल, तर करणार कोण? तालुक्याचे डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांचा हात म्हशीवर बसलेला. करवानसारख्या बिनचरबीच्या कुत्र्याला भुलीचं औषध जपून द्यावं लागतं, साध्या कुत्र्याच्या अंदाजाने नाही चालत. म्हणजे आलं पुणे, जीप, आणि मागच्या सीटवर ओकारी.

सेवानिवृत्त : तू प्रत्येक गोष्टीत खर्च बघतेस. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. चार वेद आहेत ते.

सेवारत : असतील. दत्तगुरू संन्यासी, माधुकरी मागून राहणारे. चार कुत्री आणि बायको असं दोन्ही एकत्र आपल्याकडच्या नेहमीच्या फोटोत सापडत नाही.

सेवानिवृत्त : खंडोबा घे मग. तो संसारी आहे.

सेवारत : खंडोबाला कुत्रं एक आणि बायका दोन. प्रमाण बघा जरा! त्या हिशेबाने चार कुत्र्यांना आठ लागतात, इथे मी एकटी आहे. भाकरीचंच घ्या. पंचवीस किलोच्या आसपासचं कुत्रं, दोन वेळच्या सहा भाकऱ्या सहज उडवतं. चौघांच्या चोवीस. त्या तुम्ही खाऊ घालता, तुमचं नाव होतं, शेपट्या तुमच्यापुढे हलतात. पण थापतं कोण? ज्वारीचं पीठ जरा जुनं झालं की भाकरीला विरी राहत नाही, कडेला चिरते, आणि चिरलेली भाकरी तुमचा थोरला हुंगून सोडून देतो. माणसाला ती चालते. साहेबांना नाही चालत.

सेवानिवृत्त : तयार खाद्य आणू या असं मी म्हणालो होतो.

सेवारत : तुम्ही म्हणालात आणि पिशवीवरची किंमत वाचून परत ठेवलीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पेन्शनीत ते बसत नाहीच. माझं म्हणणं वेगळं आहे. गावाकडे राहायला जायचं, शेत, मोकळी हवा, दोन-चार कुत्री, हा जो बेत शहरातली प्रत्येक निवृत्तीला आलेली व्यक्ती करते, त्यात ‘मोकळी’ फक्त हवाच असते. गोचीड रोज काढावे लागतात. रेबीजची सुई दरवर्षी, प्रत्येकाला. आजारपण रात्री दहानंतरच येतं. आणि घर एक रात्रही सोडता येत नाही. चार शिकारी कुत्री शेजाऱ्याच्या हवाली करून कोणी पंढरपूरला जातं का? कोण घेईल ते लोढणं गळ्यात? नोकरीत तुम्हाला किरकोळ रजा तरी होती. इथे तीही नाही. याला निवृत्ती म्हणायचं कशाच्या जोरावर?

सेवानिवृत्त : मग मी दिवसभर करू काय? ते सांग. नुसतं चुकतंय चुकतंय म्हणू नकोस. वर्तमानपत्र नऊपर्यंत संपतं. शेत वाट्याने दिलंय. फोन कोणाचा येत नाही, आलाच तर हयातीच्या दाखल्याची आठवण करणारा. सकाळी सहाला ती चौघं दाराशी उभी असतात, माझी वाट बघत. दुसरं कोण बघतं?

सेवारत : ...मला वाटलंच होतं की शेवटी गाडी इथे येणार. हेच पहिल्या वाक्यात म्हणाला असतात तर राखण, वेद, संवर्धन हे सगळं वाचलं असतं. कोणाला तरी आपली गरज असावी हे चूक नाही. पण ती गरज दोघांनी भागते. चार झाले की तुम्ही माणूस राहत नाही, वेळापत्रक होता. आणि गरजच भागवायची तर त्यांचीही भागवा की. मोटारीच्या नाहीतर सायकलच्या चाकावर दोरी गुंडाळतात, टोकाला चिंधी बांधतात आणि शेताच्या त्या टोकापासून ओढतात. कुत्रं चिंधीमागे सुटतं, ससा जिवंत राहतो, कायदाही शाबूत. दोन नर ठेवा, पडीक तुकड्यात ते चाक बसवा आणि रोज सकाळी फिरवा.

सेवानिवृत्त : फिरवायला गुडघे नकोत?

सेवारत : चोवीस भाकऱ्यांना खांदे लागत नाहीत?

सेवानिवृत्त : विषय तिकडेच नेणार तू.

सेवारत : विषय तिथेच आहे. तुम्ही एका तारखेला सुटलात, आदेश निघाला, त्यावर जावक क्रमांक पडला. माझा आदेश कोणी काढला? अठ्ठावन्न मलाही लागली. विकलेली पेन्शन तुम्हाला पंधरा वर्षांनी पूर्ववत मिळेल. करवान तोवर जगत नाही, बारा-तेरा म्हणजे खूप झाली. आज पाचवी आणलीत तर ती म्हातारी होईल तेव्हा तुम्ही सत्तरीच्या पुढे आणि तिला उचलून जीपमध्ये ठेवायला कोण, हा प्रश्न टिपणीत कुठे नाही.

सेवानिवृत्त : दोन ठेव म्हणतेस, मग चौघांतले कुठले दोन द्यायचे? सांग. नाव घेऊन सांग.

सेवारत : ते मी नाही सांगणार.

सेवानिवृत्त : बघ! तुलाही नाही जमत.

सेवारत : जमत नाही म्हणूनच म्हणतेय, पाचवी नको. आलेल्याला घालवता येत नाही, न आलेल्याला थांबवता येतं. फोन लावा आणि नाही म्हणून सांगा.

सेवानिवृत्त : तसं आता... इसार दिलाय.

सेवारत : कधी?

सेवानिवृत्त : गुरुवारी.

सेवारत : म्हणजे तासभर मी बोलतेय ते विचारार्थ ठेवलेल्या विषयावर नव्हतंच. तुम्ही कार्योत्तर मंजुरी मागताय.

सेवानिवृत्त : कार्योत्तर मंजुरीची तरतूद नियमात असते.

सेवारत : लेखी द्या मग. सोबत पाच जणांचा भाकऱ्यांचा तक्ता जोडा, थापणाऱ्याच्या सहीनिशी.