कुत्रं कुणाचं?

गावातलं कुत्रं रात्री चोरावर भुंकतं तेव्हा ते आपलं असतं. तेच सकाळी पोस्टमनच्या पोटरीला लागलं की बेवारस. ग्रामसभेत ‘कुत्रं कुणाचं?’ असं कुणी विचारलं, की त्याला रोज भाकरी टाकणारी अख्खी आळी छताचे पत्रे मोजू लागते. आपलं जनावर न सांभाळणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. पण त्यासाठी आधी मालक सापडायला हवा.

मालक नाही, म्हणजे मोकाट. अशांना २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ‘सामुदायिक प्राणी’ अशी बढती दिली. धरा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडा. काम स्थानिक संस्थेचं. नियम शहाणा आहे, यात वाद नाही. फक्त ग्रामपंचायतीकडे पिंजरा नाही, गाडी नाही, शस्त्रक्रियेची खोली नाही, आणि पशुवैद्यकाच्या दारात अडलेली गाय उभी. मग पंचायत निवेदन देते पंचायत समितीला, समिती पाठवते जिल्हा परिषदेला. कुत्री दोन महिन्यांत विते. तेवढ्यात आपली फाईल टेबलसुद्धा बदलत नाही.

काही गावांचा न्याय झटपट. रात्री टेम्पोत भरायची नि शेजारच्या शिवारात सोडायची. अडचण एवढीच, की टेम्पो शेजारच्या गावातही आहे.

खरं नियंत्रण करतो तो बिबट्या. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या आत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. ना निविदा, ना बिल. पण हा ठेकेदार काम संपलं म्हणून जात नाही. कुत्र्यांच्या वासाने उसातून अंगणापर्यंत येतो, आणि पंचायत नवं निवेदन लिहायला घेते, या वेळी वनखात्याला.

बिबट्याने मान धरू नये म्हणून राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधायची जुनी रीत आहे. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला तसले पट्टे स्वतःच्या गळ्यात अडकवून माणसं रानात गेली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आधी बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली होती. कुत्री मात्र पट्ट्याविना हिंडत होती.

गावाला आज जमेल असंही एक काम आहे. वेशीजवळ रोज कोंबड्यांची आतडी नि पिसं पडतात, तिथेच कुत्र्यांचं संमेलन भरतं. तो ढीग उचलायला नसबंदी केंद्र लागत नाही, कोर्टाचा निकाल लागत नाही. चिकनवाल्याला एक नोटीस पुरे. पण चिकनवाला सरपंचाचा चुलतभाऊ आहे, आणि या प्रश्नावर ‘कुणाचा?’ असं विचारायची सोय नाही.