ल मोर्न आणि नागपूरचे ३१० मीटर

नागपूरच्या माणसाला समुद्राचं अप्रूप असतं, लाव्ह्याचं नसतं. लाव्हा घरचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेला दख्खनचा काळा कातळ पश्चिमेकडून येतो आणि नागपुरापाशी संपत येतो. शहराच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात. सीताबर्डीची टेकडी याच काळ्या कातळाची. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप इथे आणि टाकळीला लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेले गोड्या पाण्यातले शंखशिंपले शोधत हिंडले. नागपूरकर त्यांना आज कॉलेजच्या नावावरून ओळखतात, तेही प्रवेशाच्या दिवसांत.

भूशास्त्रज्ञ म्हणतात, ज्या तप्त ठिकाणाने हा दख्खनचा लाव्हा ओकला, त्याच्यावरून भारताचा भूखंड उत्तरेला सरकत गेला. मागे उरलेल्या त्याच धगीने ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस घडवलं. म्हणजे प्रस्तुत लेखक विमानाचं तिकीट काढून, समुद्र ओलांडून, बर्डीच्या टेकडीचं धाकटं भावंड पाहायला गेला. हे त्याला परतल्यावर कळलं असतं तर बरं झालं असतं. मेहुण्याने ते विमानातच सांगितलं.

मेहुणा म्हणजे या सहलीचा संयोजक, खजिनदार आणि तज्ज्ञ. पहिल्या सकाळी त्याने सगळ्यांना क्युरपीपला नेऊन ‘त्रू ओ सेर्फ’ हे विझलेल्या ज्वालामुखीचं विवर दाखवलं. दाखवलं म्हणजे कठड्याशी उभं करून धुक्याकडे बोट केलं. क्युरपीप पावसासाठी प्रसिद्ध आहे आणि त्या दिवशी गाव प्रसिद्धीला जागलं. शामारेलला सात रंगांची माती पाहिली. कातळ कुजून त्याची माती झाली, तिच्यातल्या लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी हे रंग आणले. लेखकाला त्यातले चार दिसले, त्याच्या पत्नीला नऊ. गंगा तलावही विवरातच साचलेला. काठावर ३३ मीटर उंच शंकर उभा आहे आणि त्याच्यापुढे फोटो काढणाऱ्याला जमिनीवर आडवं व्हावं लागतं. लेखक झाला. उठायला दोघं लागले.

एवढ्यावर भागलं असतं. पण नैर्ऋत्येच्या टोकाला ल मोर्न ब्राबाँ नावाचा बसाल्टचा डोंगर थेट समुद्रकाठी उभा आहे. उंची ५५६ मीटर.

“भाऊजी, काही नाही त्याच्यात,” मेहुणा म्हणाला. “आपण नागपुरात घरी बसल्या बसल्या ३१० मीटरवर असतो. उरले २४६.”

या हिशेबात काहीतरी खोट आहे हे लेखकाला जाणवत होतं. पण खोट सापडेपर्यंत पहाटेची गाडी दारात आली होती. पायात नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर फिरायला घेतलेले पांढरे बूट होते. त्यांनी आयुष्यात सपाट डांबराखेरीज काही पाहिलेलं नव्हतं.

अर्धी वाट गोड बोलून फसवते. रुंद, सावलीची, जरा जरा चढती. डाव्या-उजव्या बाजूला निळंशार पाणी आणि प्रवाळाच्या कडेशी फुटणारी लाटांची पांढरी रेघ. लेखकाने ट्रेकिंगवर चार उपदेशही केले. मग एक फाटक आलं आणि तिथून पुढे वाट संपून भिंत सुरू झाली. हात लावा, गुडघा लावा, कपाळ लावा. वाटाड्या क्रिओल तरुण होता. तो पाय कुठे ठेवायचा हे बोटाने दाखवायचा आणि लेखकाचा पाय तिथे पोचेपर्यंत समुद्र बघत बसायचा.

एका ठिकाणी उजवा पाय खाली सुटला, डावा वर अडकला आणि हातात जे झुडूप आलं ते लेखकाने प्राणपणाने धरलं. वाटाड्या पहिल्यांदाच ओरडला. लेखकाला वाटलं, काळजीने. तर झुडपाच्या काळजीने. लाल घंटेसारखी फुलं येणारं हे झाड रानात फक्त याच डोंगरावर उगवतं आणि १९९२ पासून ते मॉरिशसचं राष्ट्रीय फूल आहे.

“अहो, सोडा ना ते!” खालून पत्नी.

“सोडून जाऊ कुठं?”

“लोक थांबून राहिले मागं!”

खरंच थांबले होते. एक जर्मन जोडपं, शाळेची पोरं आणि पाठीवर तान्हं बाळ बांधलेली एक बाई. शेवटी वाटाड्याने खालून टाच धरली, मेहुण्याने वरून कॉलर धरली आणि लेखकाची पँट, जिचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, मागच्या बाजूने उसवली. बाळ हसलं.

वर लोखंडी क्रॉसपाशी पोचल्यावर कळलं की हे शिखर नव्हेच. मध्ये खिंड आहे. खरं शिखर पलीकडेच राहतं. लेखक काही बोलणार, तेवढ्यात वाटाड्या खाली कड्याकडे पाहत सांगू लागला. गुलामीतून पळालेली माणसं इथल्या कपारींत लपून राहत. सांगतात, की १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपल्यावर तीच बातमी घेऊन शिपाई डोंगर चढून येऊ लागले. वरच्यांना वाटलं, धरायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. वाटाड्याने हे दररोज सांगायच्या आवाजात सांगितलं, म्हणून जास्तच लागलं. युनेस्कोने २००८ मध्ये हा डोंगर जागतिक वारसा म्हणून नोंदवला. मेहुण्याने बराच वेळ कुठलाच आकडा सांगितला नाही.

उतरताना लेखक बहुतेक वाट बसून उतरला. उसवलेल्या पँटला आता गमावण्यासारखं काही नव्हतं.

खाली रस्त्याकडेला दाल पुरी मिळाली. तिच्यात घेवड्याचं कालवण आणि डोळ्यांतून पाणी काढणारी मिरची. सावजी खाणाऱ्यालाही पाणी मागावं लागलं. शेजारी बसलेल्या म्हातारबाईंनी यांचं बोलणं ऐकून विचारलं, “तुमी रत्नागिरीचे काय?” इथल्या मराठी घरांची मुळं बहुतेक कोकणात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. नागपूर म्हटल्यावर बाईंचा चेहरा कोरा राहिला. देशाचा झिरो माइल मिरवणाऱ्या शहराचा हा अपमान मेहुण्याला सोसेना.

“आजी, १९७५ चं पहिलं विश्व हिंदी संमेलन नागपुरात झालं! तुमचे पंतप्रधान रामगुलाम आले होते तिथं!”

“हिंदी?” बाई म्हणाल्या. “आमी मराठी.” आणि लेखकाच्या पानात आणखी एक पुरी टाकायला लावली.

रात्री मेहुणा पुन्हा नकाशा उघडून बसला. शेजारच्या रियुनियन बेटावर खराखुरा जिवंत ज्वालामुखी आहे, पिताँ द ला फुर्नेझ, २,६३२ मीटर. पुढच्या वर्षी तिकडेच, असं त्याने जाहीर केलं. लेखक पालथा झोपला होता, कारण दुसऱ्या कुठल्या बाजूने झोपता येत नव्हतं. पत्नी पँटला टाके घालत होती. तिने दोरा तोडला आणि विचारलं, “गाडी कुठपर्यंत जाते?”